शून्याच्या पोटातली काडी

माझ्या डाव्या कानात कर्णफूल घालून झालं होतं. उजव्या कानाचं अजून नासिपा एजेंच्या चिमटीत होतं, तेवढ्यात ओरोझबाक अगाय ओरडले, "थांबा! ही दोघं बहीण-भाऊ आहेत!"

नासिपा एजे म्हणजे बेकतूरची आई, माझी होणारी सासू. त्यांचा हात माझ्या कानापासून दोन बोटांवर थांबला तो थांबलाच. आमच्यात मुलाच्या आईनं येऊन मुलीच्या दोन्ही कानांत चांदीची कर्णफुलं घातली की सोयरीक पक्की. एकाच कानात घालून बाई थांबली तर पुढं काय करायचं, हे अख्ख्या नारिन गावात कुणालाच माहीत नव्हतं. असा प्रसंग याआधी कुणावर आलाच नव्हता. तो मान माझा.

ओरोझबाक अगाय हे बेकतूरचे लांबचे चुलते. आधी मास्तर, म्हणून 'अगाय', मग संस्कृती खात्यात साहेब, आणि आता नऊशे पानांच्या एका वंशावळीचे कर्ते. कुठल्याही लग्नाला जाताना लोक आहेर नेतात, हे ती वंशावळ नेतात. त्या दिवशी उशिरा आले, लागोपाठ तीन वाडगे किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायले, आणि दोन्ही घराण्यांना आशीर्वाद वाचून दाखवतो म्हणून पुस्तक उघडलं.

"बेकतूरचा सातवा बाप तोकोन," त्यांचं बोट पानावरून घसरत गेलं. "आणि मुलीचा सातवा बाप..." बोट थांबलं. "तोकोन!"

जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती चाळीस माणसं होती. चाळीस जबडे एकदम थांबले. कुणाच्या तरी हातातला तळलेला बोरसोक टप्पकन चहात पडला, तेवढा एकच आवाज.

सातवा बाप म्हणजे सात पिढ्यांमागचा पूर्वज. सात पिढ्यांत बाप एक निघाला तर लग्न नाही. याच्यावर अपील नाही, तडजोड नाही. मुलगा-मुलगी एकमेकांसाठी जीव टाकत असली तरी नाही. मी बेकतूरकडे पाहिलं. त्याचा चेहरा धुतलेल्या मेंढीसारखा झाला होता.

माझे आता, म्हणजे वडील, शांत माणूस. पण बापजाद्यांचं नाव काढलं की त्यांची मान ताठ होते. "अगाय, आमचा त्योक्योन. तोकोन नव्हे. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून घोकलंय. चुकलो की आजोबा कान पिळायचे. हा बघा, अजून वाकडा आहे."

"तोकोन काय, त्योक्योन काय, माणूस एकच," अगाय म्हणाले. "तुम्ही नदीपलीकडचे. तुम्ही सगळंच तोंडाचा चंबू करून बोलता."

"चंबू? अहो, चंबू तुमच्या..."

आईनं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली म्हणून पुढचा अवयव बाहेर पडला नाही.

"तुमच्याकडे विचारा की!" आता म्हणाले. "तुमच्या घरात नाव काय म्हणतात?"

बेकतूरचे वडील गेलेले. घरात जुनं माणूस एकच, त्याची आजी, तोतुया चोंग आपा. ती कोपऱ्यात मेंढीचा कान चघळत बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे तोंडं वळवली.

"चोंग आपा, तुमच्या घराण्याचा सातवा कोण?"

म्हातारीनं कान बाजूला ठेवला, ओठ पुसले, आणि ठासून म्हणाली, "तुक्फोन."

"काय?"

"तोफ्योन!"

"आपा, तोकोन की त्योक्योन?"

"तेच तर म्हणतेय! दात आणा माझे, मग नीट म्हणते. गेल्या वर्षी गेले ते. तुम्ही एक वर्ष आधी का नाही विचारलंत?"

"बेकतूर, तू सांग," आता म्हणाले.

बेकतूरनं घसा खाकरला. "मला... मी पुस्तकातनं पाठ केलंय."

"झालं!" अगायांनी पुस्तकावर थाप मारली. "छापलेलं ते खरं. नऊशे पानं आहेत, खेळ नाही."

इथं मला सांगणं भाग आहे की ती नऊशे पानं टाइप कुणी केली होती. मी केली होती.

बसथांब्याजवळ मालाचा एक जुना लोखंडी डबा आहे, निळा रंग दिलेला. ते माझं दुकान. झेरॉक्स, टाइपिंग, अर्ज, लग्नपत्रिका. नववीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ह्यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. संगणक मी कुणाकडून शिकले नाही. एका हपिसानं भंगारात टाकलेलं यंत्र आणि पुठ्ठा फाटलेलं एक जाडजूड पुस्तक, एवढेच माझे गुरू. त्या यंत्रात चित्रं नव्हती, खिडक्या नव्हत्या. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. हुकूम टाइप करायचा, यंत्र ऐकतं. पदवी घेतलेली पोरं डब्यात येऊन हसायची, "हे काय दगडाच्या जमान्यातलं?" हसा. तुमची यंत्रं बिघडली की रडत माझ्याकडेच येता.

मी सोळा वर्षांची असताना अगाय तीन पोती घेऊन आले. पोत्यांत घराघरातून गोळा केलेल्या एकशेबारा वह्या. अख्खा हिवाळा मी त्या टाइप केल्या, बोटं फुंकून फुंकून. पुस्तक छापून आलं. आभार चाळीस जणांचे. त्यात राज्यपाल होता, त्याचा मदतनीस होता, गावातल्या शामियान्याचा मालक होता. माझं नाव नव्हतं. आणि नऊशे पानांत बायकांची नावं किती? तीन. त्यातली एक घोडी.

मात्र त्याच डब्यानं मला बेकतूर दिला, हेही खरं. दोन वर्षांपूर्वी तो आजीला घेऊन आला होता. शेजाऱ्याच्या गाढवानं तिचं वाळत घातलेलं गवत खाल्लं होतं, त्याची तक्रार लिहायची होती. म्हातारीनं पाऊण तास गाढवाचं असं वर्णन सांगितलं की मी आणि बेकतूर एकमेकांकडे बघून हसत सुटलो. नंतर तो रोजच काहीतरी झेरॉक्स करायला यायला लागला. एकदा तर कोरा कागद घेऊन आला.

आणि हा माणूस माझा भाऊ?

मी उठले. डाव्या कानातलं कर्णफूल झुललं. "अगाय, मूळ वह्या काढा. बघू काय लिहिलंय."

अगाय एकदम मेंढीच्या मुंडीकडे बघायला लागले. "वह्या... आता त्या... प्रकाशनाच्या दिवशी समोवार पेटत नव्हता, आणि पाहुणे..."

"जाळल्या?"

"छापून झालं होतं ना!"

"एकशेबारा घरांच्या वह्या जाळून तुम्ही चहा केलात?"

"चहा चांगला झाला होता," कोपऱ्यातून चोंग आपा म्हणाली.

"माझ्याकडे आहेत," मी म्हणाले. "टाइप केलेलं मी काहीही पुसत नाही. दर वहीची एक फाईल. चला दुकानात."

"आपण दोघं जाऊन बघू," अगाय म्हणाले.

दोघं कसले! चाळीसच्या चाळीस निघाले. नारिन म्हणजे नदीकडेनं जाणारा एकच लांब रस्ता. भर दुपारी त्या रस्त्यावरून आमची वरात. पुढं एका कानाची नवरी, तिच्या शेजारी मुठीत दुसरं कर्णफूल घट्ट धरलेली सासू, मागं पुस्तक छातीशी धरलेले अगाय, त्यांच्यामागं बेकतूर आणि त्याचा मित्र चोंग आपाला खुर्चीसकट उचलून. म्हातारीच्या मांडीवर बोरसोकांचं ताट. रस्त्यावरचे लोक विचारत होते, "लग्न कुणाचं?" आणि ती ताटातला एकेक बोरसोक फेकत ओरडत होती, "अजून ठरायचंय! तोवर खा!"

डबा दोन पावलं रुंद, पाच पावलं लांब. त्यात अकरा जण घुसले, बाकीचे दारात एकमेकांच्या खांद्यांवरून. चोंग आपाची खुर्ची थेट यंत्राला टेकवली. मी काळा पडदा उघडला.

"यात कसं सापडणार?" नासिपा एजेंनी विचारलं. कर्णफुलाची मूठ त्यांनी छातीशी आवळली होती. त्यांना मी आवडते, हे मला तेव्हा कळलं.

"चार हजार फाईली आहेत, एजे. एकेक उघडली तर नातवंडं म्हातारी होतील. पण एक हुकूम आहे. ग्रेप. त्याला शब्द द्यायचा आणि कुठं शोधायचं ते सांगायचं. जिथं जिथं तो शब्द असेल ती ती ओळ तो समोर आणून टाकतो, कुठल्या फाईलीतली तेही सांगतो."

"ग्रिप?" चोंग आपा दचकली. आमच्याकडे तापाच्या साथीला ग्रिप म्हणतात. "पोरीला ग्रिप झालाय? मग कानात काय घालता तिच्या, पाय गरम पाण्यात घाला!"

"ग्रेप, चोंग आपा, ग्रेप!"

"तेच ते. लागण होते का त्याची?"

मी 'तोकोन' टाइप करून कळ दाबली, आणि पडद्यावर धबधबा सुटला. तीनशेबारा ओळी. कारण ग्रेप प्रामाणिक आहे, पण अक्कल त्याला नाही. तुम्ही अक्षरं द्याल तीच अक्षरं तो शोधतो, मग ती वंशावळीत असोत की उकिरड्यावर. तोकोनबाय नावाच्या ढोरवैद्याच्या निवृत्तीची कविता आली. तोकोनच्या बोकडाची जाहिरात आली. कुणा तोकोननं कुणा बाईला लिहिलेलं पत्र आलं, त्यातली "तुझ्या नवऱ्याला कळू देऊ नकोस" ही ओळ बेकतूरच्या मित्रानं मोठ्यांदा वाचली. दारातला एक तोकोन लालेलाल होऊन घाईघाईनं घरी गेला.

डबा हसून हसून हलायला लागला. मला हसू येत नव्हतं.

"त्योक्योन शोध की," आता म्हणाले.

आमच्या लिपीत 'ओ'चं अक्षर म्हणजे गोल. 'त्यो'मधला जो चंबू करून म्हणायचा स्वर आहे, त्याचं अक्षरही तोच गोल, पण पोटात आडवी काडी. एवढाच फरक. मी काडीवाली अक्षरं टाइप केली. कळ दाबली.

काही नाही. एक ओळसुद्धा नाही. लुकलुकणारी रेघ तेवढी खाली येऊन उभी राहिली.

"बघा," अगाय हळूच म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना बरोबर असण्याची सवय आहे. "त्योक्योन नावाचा माणूस झालाच नाही. सगळे तोकोन."

आतांचा वाकडा कानसुद्धा खाली पडल्यासारखा वाटला. नासिपा एजेंनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले त्यांचे, आणि त्यांनी हात माझ्या डाव्या कानाकडे नेला. काढून घ्यायला.

"एक मिनिट, एजे!"

"पोरी, मला काय हौस आहे का..."

"एकच मिनिट!"

अगाय समजूत घालायला पुस्तक माझ्या नाकाखाली घेऊन आले होते. "हे बघ, तुझंच टायपिंग. तोकोन, जन्म अठराशे चार."

मी बघितलं. नाव नाही, साल. साल विचित्र होतं. आमचं शून्य उंच, अंड्यासारखं असतं. ह्या सालातलं शून्य बुटकं आणि गुबगुबीत होतं. मी पान उलटलं. एकोणीसशे सहा: शून्य गुबगुबीत. हजार मेंढ्या: तिन्ही शून्यं गुबगुबीत, बसकी, एका रांगेत बसलेल्या बेडकांसारखी.

"अगाय, ही शून्यं अशी का?"

"जुन्या वळणाचे आकडे आहेत ते," अगाय अभिमानानं म्हणाले. "परीक्षणात कौतुक झालं होतं."

"ती शून्यं नाहीत. ते 'ओ' आहेत. अक्षर."

आणि मग मला आठवलं. असं आठवलं की मी हातानं तोंड दाबलं आणि बोटांतून हसू फुटायला लागलं. बेकतूरला वाटलं मी रडतेय. त्यानं खिशातून एक बोरसोक काढून दिला.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. "माझी! ऐका! त्या वेळी माझ्याकडे रशियन कळफलक होता. काडीवालं अक्षरच नव्हतं त्यावर. गावात सगळे तिथं साधा 'ओ' टाकायचे आणि आपल्याच भाषेचा मुडदा पाडायचे. मला राग यायचा. आणि ह्या काळ्या पडद्यावर शून्याच्या पोटात काडी असते, बघा, तिरकी. हुबेहूब आपल्या अक्षरासारखी! म्हणून जिथं काडीवालं अक्षर आलं तिथं मी शून्य टाकत गेले. सगळ्या वह्यांत. छापखान्यानं विचारलं, नावांमध्ये आकडे कुठून आले? अगाय, तुम्ही मला बोलावून काय म्हणालात?"

अगायांनी ओठ चाटले. "म्हणालो... उद्या सकाळी छपाई आहे, शून्यं काढून टाक."

"मी एका हुकुमात सगळ्या शून्यांचे 'ओ' केले. सालांतले, मेंढ्यांतले, माणसांतले. पण ते फक्त छापायच्या फाईलीत. मूळ फाईलींना हात लावला नाही."

मी वळले. त, शून्य, क, शून्य, न. कळ दाबली.

एकच ओळ आली. फाईल आमच्या घरच्या वहीची. शेवटी त, शून्य, क, शून्य, न. त्योक्योन. माझा, पोटात काड्या असलेला, चंबू करून म्हणायचा, सातवा बाप.

आतांनी टोपी काढून छतावर आपटली. छत लोखंडी, आवाज असा झाला की दारातले लोक बाहेर पळाले आणि पुन्हा आत आले.

"थांबा, थांबा," अगाय घामाघूम झाले होते. "आमच्या वहीत पण त्योक्योनच असेल, आणि हिनं घाईत साधा 'ओ' टाकला असेल. सोळा वर्षांची पोर! एकदा शून्य, एकदा 'ओ'. कसा विश्वास ठेवायचा?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मला जास्तच राग आला. मी पुन्हा 'तोकोन' शोधलं, पण ह्या वेळी फक्त बेकतूरच्या घरच्या फाईलीत. एक ओळ आली. मी मोठ्यांदा वाचली, "'तोकोन काळ्या तळ्याकाठी राहत असे.' अगाय, तळ्याला आपण काय म्हणतो?"

"क्योल."

"चंबूवालं ना?"

"...चंबूवालं."

"मग जवळ या. ह्या ओळीत क्योल कसं लिहिलंय?"

अगायांनी चष्मा वर केला, नाक पडद्याला टेकवलं. "क... शून्य... ल."

"आणि तोकोन?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "साधे 'ओ'. दोन्ही."

"एकाच ओळीत, एका श्वासात. काडी हवी तिथं काडी, नको तिथं नाही. सोळा वर्षांची होते, आंधळी नव्हते. तुमचा तोकोन वेगळा, आमचा त्योक्योन वेगळा. दोघांची कधी गाठही पडली नसेल!"

"पडली असेल तर भांडले असतील," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

मग जो गलका झाला तो काय सांगू. बेकतूर मला मिठी मारायला पुढं आला आणि झेरॉक्सच्या यंत्रावर पडला. यंत्र सुरू झालं आणि त्याच्या गालाच्या प्रती काढायला लागलं. चोंग आपा विचारत होती, "ग्रिप उतरला का?" अगाय मात्र मोठ्या पुस्तकाकडे बघत खाली बसले, कागदाच्या गठ्ठ्यावर.

"कुंदूझ," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "म्हणजे माझ्या पुस्तकात... किती ठिकाणी?"

ग्रेपला ओळी मोजायलाही सांगता येतं. मी मोजल्या. "एकोणीस हजार ओळी."

"बापरे."

"दुसरी आवृत्ती काढा. मी सगळ्या काड्या परत घालून देते. पण पहिल्या पानावर माझं नाव पाहिजे. शामियानावाल्याच्या वर."

"राज्यपालाच्या वर घालतो," अगाय पुटपुटले. "त्यालाही काडी आहे. मी त्याचंही नाव चुकवलंय."

नासिपा एजेंनी डोळे पुसले, मूठ उघडली. इतका वेळ दाबून धरल्यानं कर्णफुलाची नक्षी तळहातावर उमटली होती. त्यांनी माझे केस मागं सारले.

"थांब!" चोंग आपा ओरडली.

सगळा डबा गार. नासिपा एजेंचा हात परत दोन बोटांवर थांबला. "आता काय, आपा?"

"माझं नाव शोध," म्हातारी मला म्हणाली. "सगळ्यांच्या बापांना शोधलंस. मला शोध."

कुणी हसलं नाही. मला माहीत होतं ती पुस्तकात नाही. तीन नावं होती, आणि ती त्यात नव्हती. तरी मी वंशावळीपुरतं न शोधता चारही हजार फाईलींत शोधायला सांगितलं. 'तोतुया.' कळ.

एक ओळ आली.

मी वाचलं, "'मी, तोतुया, शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगते की हे गाढव निर्लज्ज आहे.'"

चोंग आपानं दोन्ही हात वर केले. दात नसलेलं तोंड असं उघडलं की आत सूर्य शिरला असता. "आहे! बघा, आहे मी! लिहिलेली आहे! अगाय, हेही घाला दुसऱ्या आवृत्तीत, गाढवासकट!"

"घालतो," अगाय म्हणाले.

"मग घाल गं," ती सुनेला म्हणाली. "बघतेस काय, पोरीचा कान अवघडला."

डबा हसत होता, लोखंड थरथरत होतं, नासिपा एजेही हसत होत्या. त्या हसण्यात त्यांचा हात हलला आणि आकडा छिद्राच्या जरा बाजूला घुसला. मी केवढ्यांदा तरी किंचाळले.

पण कर्णफूल बसलं.

दोन्ही.